समीक्षकांचा कौल आणि सोहळ्याचा मान

छाया कदम यांचे २०२४ मधले दोन चित्रपट शेजारी ठेवले, की आपल्याकडच्या पुरस्कारांची सगळी घडी उलगडते. किरण राव यांच्या ‘लापता लेडीज’मध्ये त्या रेल्वे स्टेशनावर टपरी चालवणाऱ्या मंजू माई आहेत. पायल कपाडिया यांच्या ‘ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट’मध्ये त्या पार्वती आहेत. ही पार्वती मुंबईतल्या हॉस्पिटलात स्वयंपाक करते. नवरा गेल्यावर राहत्या खोलीचे कागद हाताशी नाहीत, म्हणून बिल्डर तिला बाहेर काढतो आणि ती रत्नागिरीकडच्या आपल्या गावी परत जाते. बाई तीच, बळ तेच, आणि दोन्ही भूमिकांत तोंडात आलेला शब्द गिळून टाकायची तिची तयारी नाही.

पुढे या दोन चित्रपटांच्या वाटा वेगळ्या झाल्या. ‘लापता लेडीज’ला फिल्म फेडरेशनने भारतातर्फे ऑस्करला पाठवलं. २०२५ च्या फिल्मफेअर सोहळ्यात त्याला १३ पुरस्कार मिळाले, त्यांत सहायक अभिनेत्रीचा छाया कदम यांना. ‘ऑल वी इमॅजिन’ला कान महोत्सवात ग्रां प्री मिळालं होतं. वर्षअखेरीला न्यूयॉर्कच्या आणि लॉस एंजेलिसच्या समीक्षक मंडळांनी इंग्रजीबाहेरचा सर्वोत्तम चित्रपट म्हणून त्याचीच निवड केली. भारतात फिल्म क्रिटिक्स गिल्डने २०२५ मध्ये सर्वोत्तम चित्रपट आणि सर्वोत्तम दिग्दर्शन हे दोन्ही मान त्याला दिले. फिल्मफेअरच्या मंचावर मात्र त्याचं नावही नव्हतं.

यावरून ‘समीक्षकांना कळतं, बाकीच्यांना कळत नाही’ असा निष्कर्ष काढणं सोपं आहे आणि चुकीचं आहे. पहिलं कारण साध्या नियमाचं. फिल्मफेअरचा मुख्य सोहळा हिंदी चित्रपटांचा. कपाडियांचा चित्रपट मुख्यतः मल्याळममध्ये बोलतो, मधूनमधून हिंदीत आणि मराठीत. मुंबईत जशा भाषा एकमेकींत मिसळलेल्या असतात तशाच त्यात आहेत, आणि भाषावार मांडलेल्या पुरस्कारांच्या कपाटात अशा चित्रपटासाठी खणच नाही. गिल्डने २०१९ मध्ये पुरस्कार सुरू केले तेव्हा मराठीसह आठ भाषांचे वेगवेगळे विभाग होते. पुढे सगळ्या भाषांची एकच यादी झाली आणि २०२४ मध्ये एकाच यादीतून ‘ट्वेल्थ फेल’ हा हिंदी चित्रपट सर्वोत्तम ठरला, तर दिग्दर्शनाचा मान ‘कूळांगल’ या तमिळ चित्रपटासाठी पी. एस. विनोदराज यांना मिळाला. एकाच यादीत सगळे आले की भाषेची भिंत पडते, हे खरंच. पण मराठीसारख्या भाषेचा हक्काचा विभागही त्याबरोबर जातो, हेही नजरेआड करून चालणार नाही.

समीक्षकांनी वर्षाअखेरीला एकत्र बसून निवड करायची ही रीत जुनी. न्यूयॉर्कच्या वृत्तपत्री समीक्षकांनी १९३५ मध्ये आपलं मंडळ स्थापन केलं ते ऑस्करच्या निवडींवर नाराज होऊन. ऑस्करचं मतदान चित्रपटव्यवसायातली माणसं करतात, म्हणजे आपल्याच सहकाऱ्यांना दाद देतात. समीक्षकांचं म्हणणं असं, की बाहेरून पाहणाऱ्यानेही मत द्यावं. १९४१ मध्ये या मंडळाने ‘सिटिझन केन’ निवडला आणि ऑस्कर गेलं ‘हाउ ग्रीन वॉज माय व्हॅली’ला. दिग्दर्शक जॉन फोर्डचा तो चित्रपट काही टाकाऊ नाही, अजूनही डोळे ओले करतो. पण पुढच्या पिढ्यांनी दिग्दर्शन शिकताना कोणता चित्रपट पुन्हापुन्हा लावून पाहिला, हे पुण्यातल्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे एफटीआयआयमध्ये, शिकलेल्या कुणालाही विचारावं. आपल्याकडे बंगालने याबाबत पुढाकार घेतला. बंगाल फिल्म जर्नलिस्ट्स असोसिएशन १९३७ मध्ये उभी राहिली आणि तिने लगेच पुरस्कारही सुरू केले. मराठी चित्रपटाला इतकी दांडगी परंपरा असूनही समीक्षकांच्या निवडीची अशी दशकानुदशकं चाललेली रीत मराठीला लाभली नाही. या लेखाचं मूळ दुखणं तेच आहे.

मुख्य धारेतला सगळ्यात प्रसिद्ध पुरस्कार एका समीक्षक बाईंच्या नावाने सुरू झाला होता, हे आज फार थोड्यांना ठाऊक असेल. मार्च १९५४ मध्ये फिल्मफेअरचा पहिला सोहळा झाला तेव्हा त्या पुरस्कारांना ‘क्लेअर’ म्हणत. ‘टाइम्स ऑफ इंडिया’च्या चित्रपट समीक्षक क्लेअर मेंडोन्सा यांची ती आठवण होती. पहिल्या वर्षी पुरस्कार मोजून पाच होते आणि निवड वाचकांच्या मतांवर झाली. सर्वोत्तम चित्रपट ठरला ‘दो बिघा जमीन’. वाचकांनी मत दिलं आणि समीक्षकानेही तेच दिलं असतं, असा तो निकाल होता.

नंतर समारंभ वाढला. नाचगाणी आली, प्रायोजक आले, दूरचित्रवाणीचे हक्क आले आणि पुरस्कार कुणाला यापेक्षा कार्यक्रमाला कोण येणार याला महत्त्व चढलं. १९७३ मध्ये प्राण यांनी ‘बेईमान’साठी मिळालेला फिल्मफेअर नाकारला, कारण संगीताचा पुरस्कार ‘पाकीजा’च्या गुलाम मोहम्मद यांना द्यायला हवा होता असं त्यांचं ठाम मत होतं. गुलाम मोहम्मद तेव्हा हयातही नव्हते. स्वतःला मिळालेला मान दुसऱ्याच्या हक्कासाठी सोडणारा माणूस पडद्यावर खलनायक होता, हे आठवून मला नेहमी भरून येतं. त्याच सुमाराची दुसरी बाजू ऋषी कपूर यांनी २०१७ च्या आत्मचरित्रात सांगितली आहे. ‘बॉबी’च्या वेळी पुरस्कारासाठी आपण तीस हजार रुपये दिले, असं त्यांनी उघड लिहिलं. आमिर खान यांनी तर नव्वदच्या दशकापासून अशा सोहळ्यांकडे पाठच फिरवली.

याच मुख्य धारेने समीक्षकांसाठी एक कोपरा राखून ठेवला आणि त्या कोपऱ्याचा पुण्याशी फार जवळचा संबंध आहे. फिल्मफेअरच्या समीक्षक पुरस्काराने सत्तरच्या दशकात एफटीआयआयमधून बाहेर पडलेल्या तरुणांना हाताला धरलं. मणी कौल यांना तो चार वेळा मिळाला: ‘उसकी रोटी’, ‘आषाढ का एक दिन’, ‘दुविधा’ आणि १९९३ मध्ये ‘इडियट’. कुमार शहानी यांनाही तो एकाहून अधिक वेळा मिळाला. चित्रपटगृहात ज्यांना आठवडाभर टिकणं अवघड, अशा या चित्रपटांची नावं निदान एका लोकप्रिय मासिकाच्या पानावर कायमची छापली गेली. हे काम मोलाचं होतं. प्रभात रस्त्यावरून लॉ कॉलेज रस्त्याकडे जाताना संस्थेच्या फाटकातून आत गेलेल्या कित्येकांना त्या यादीने धीर दिला असेल.

आता त्या कोपऱ्याची अवस्था पाहा. ‘समीक्षकांची पसंती’ म्हणून अभिनेता आणि अभिनेत्रीचेही वेगळे पुरस्कार दिले जातात आणि पाहणाऱ्याला तो दुसऱ्या क्रमांकाचा पुरस्कार वाटतो. २०२४ मध्ये सर्वोत्तम चित्रपट ‘ट्वेल्थ फेल’, समीक्षकांचा सर्वोत्तम ‘जोराम’. सर्वोत्तम अभिनेता ‘अ‍ॅनिमल’चे रणबीर कपूर, समीक्षकांच्या पसंतीचे विक्रांत मॅसी. मुख्य मान गल्ल्याला, शेजारचा मान गुणाला, अशी वाटणी केली की कुणीच नाराज होत नाही. मला ही वाटणी घातक वाटते. समीक्षकाचं मत मुख्य मताला आव्हान देण्यासाठी असतं. त्याच मंचावर, त्याच प्रायोजकाच्या फलकाखाली त्याला जागा करून दिली की त्याची धारच जाते.

मराठीत बोलताना आणखी एक गोंधळ सतत होतो. राष्ट्रीय पुरस्कार म्हणजे जाणकारांचा पुरस्कार, असं आपण धरून चालतो. १९५४ मध्ये राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक आचार्य अत्रे यांच्या ‘श्यामची आई’ला मिळालं, तेव्हापासून मराठी मनाचा या पुरस्कारावर विशेष जीव आहे. (त्यातला श्याम, माधव वझे, पुढे पुण्यात नाट्यसमीक्षक झाले.) त्यानंतर पन्नास वर्षांनी संदीप सावंत यांच्या ‘श्वास’ला सुवर्णकमळ मिळालं आणि मग ओघच लागला: ‘देऊळ’, ‘कोर्ट’, ‘कासव’. पण राष्ट्रीय पुरस्काराचं परीक्षक मंडळ सरकार नेमतं. त्यात मुख्यतः दिग्दर्शक, तंत्रज्ञ, कलावंत असतात, दरवर्षी वेगळे. निर्मात्याने अर्ज भरावा लागतो, सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागतं. समीक्षक मंडळाकडे कुणी अर्ज करत नाही. वर्षभर सातत्याने पाहणारी तीच माणसं दरवर्षी मत देतात, आणि ‘गेल्या वर्षी तुम्ही असं म्हणाला होता’ असं त्यांना विचारता येतं.

शिवाय राष्ट्रीय पुरस्कारांचं वेळापत्रक म्हणजे वरातीमागून घोडं. २०२३ चे पुरस्कार १ ऑगस्ट २०२५ रोजी जाहीर झाले. त्यात मराठीच्या वाट्याला चांगलं यश आलं: ‘आत्मपॅम्फ्लेट’साठी आशीष बेंडे यांना पदार्पणाचा पुरस्कार, ‘नाळ २’ सर्वोत्तम बालचित्रपट, सुजय डहाके यांचा ‘श्यामची आई’ सर्वोत्तम मराठी चित्रपट. आनंद आहेच. पण तोवर हे चित्रपट पडद्यावरून उतरून दीड-दोन वर्षं झाली होती. ‘आत्मपॅम्फ्लेट’ ज्या वर्षी लागला होता, त्याच वर्षाच्या शेवटी कुणी भरवशाच्या माणसांनी ‘हा पाहाच’ असं एका सुरात सांगितलं असतं, तर फरक पडला असता.

पुण्यातलं सगळ्यात बोलकं उदाहरण ‘कासव’चं. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर या जोडीने पुण्यात राहून, पुण्यातल्या माणसांना हाताशी धरून वर्षानुवर्षं चित्रपट केले. भावे मूळच्या समाजशास्त्राच्या अभ्यासक. ‘बाई’ या १९८५ च्या लघुपटापासून ‘दोघी’, ‘वास्तुपुरुष’, ‘देवराई’, ‘अस्तु’ अशी त्यांची वाट. ‘कासव’मध्ये नैराश्यातून सावरत असलेली जानकी, म्हणजे इरावती हर्षे, घर सोडून भरकटलेल्या एका मुलाला कोकणातल्या घरी आणते. आलोक राजवाडे यांचा हा मुलगा बराच वेळ बोलतच नाही. घरातली माणसं त्याला काही विचारत नाहीत, जेवायला वाढतात आणि आपापल्या कामाला लागतात. किनाऱ्यावर कासवांची अंडी राखण्याचं काम चाललेलं असतं आणि त्यात मोहन आगाशे असतात, जे प्रत्यक्षात मनोविकारतज्ज्ञ आहेत. कासवीण अंडी घालून समुद्रात निघून जाते, पिल्लांना वाट त्यांची त्यांनाच काढावी लागते, माणसांनी फक्त आजूबाजूला राहायचं. चित्रपट हे बोलून दाखवत नाही. एखाद्याला बरं करायचं म्हणजे त्याच्या जवळ थांबायचं, एवढं तो दीड-दोन तासांत अंगात मुरवतो.

एप्रिल २०१७ मध्ये याला सुवर्णकमळ जाहीर झालं तेव्हा तो सर्वसाधारण चित्रपटगृहांत आलेलाही नव्हता. पुरस्कारानंतरही त्याचा प्रेक्षक मुख्यतः खास खेळ आणि त्यानंतरच्या चर्चा यांतूनच तयार झाला. देशातला सर्वोत्तम चित्रपट पुण्यात घडतो आणि पुणेकराला तो पाहायला शोधाशोध करावी लागते. सुमित्राताई एप्रिल २०२१ मध्ये गेल्या. त्यांच्या हयातीत हे शहर त्यांच्या चित्रपटांच्या खेळाला रांग लावून उभं राहिलं असतं, तर किती बरं झालं असतं.

त्याच काळातला ‘सैराट’ घ्या. २९ एप्रिल २०१६ ला तो लागला, शंभर कोटींचा पल्ला गाठणारा पहिला मराठी चित्रपट ठरला आणि लोकप्रिय सोहळ्यांत त्याने मुसंडी मारली. पण बर्लिन महोत्सवात तो त्याआधीच दाखवला गेला होता, आणि रिंकू राजगुरू यांच्या कामाची राष्ट्रीय पुरस्कारांनी विशेष दखल घेतली तीही चित्रपट लागायच्या महिनाभर आधी. म्हणजे लोकांनी डोक्यावर घेतलेला चित्रपट जाणकारांनी आधीच ओळखला होता. गुणाचं आणि गर्दीचं वैर असतं, हे म्हणणं मराठीच्या इतिहासातच टिकत नाही. प्रभातचा ‘संत तुकाराम’ १९३६ मध्ये आला. दामले-फत्तेलाल यांचं दिग्दर्शन, विष्णुपंत पागनीस यांचा तुकाराम. मुंबईच्या सेंट्रलमध्ये तो ५७ आठवडे चालला, आणि १९३७ मध्ये व्हेनिसला जगातल्या तीन उत्तम चित्रपटांत त्याची गणना झाली. प्रभातच्या स्टुडिओच्या जागेत पुढे फिल्म इन्स्टिट्यूट आलं. व्हेनिसचं ते मानपत्र मात्र १९७४ पासून गहाळ होतं. ते २००४ मध्ये संस्थेकडे परत आलं. तीस वर्षं एवढा मोठा कागद जागेवर नव्हता, यात पुरस्कारांच्या जतनाची आपली आस्था दिसते.

समीक्षकांचीही झाडाझडती घ्यायला हवी. १९८८ मध्ये सचिन पिळगावकर यांचा ‘अशी ही बनवाबनवी’ आला. अशोक सराफ आणि लक्ष्मीकांत बेर्डे यांच्या विनोदाची ती लाट गंभीर समीक्षेने हलकी म्हणून बाजूला सारली. आज त्या चित्रपटातलं वेळेचं भान, प्रवेशांची बांधणी, चौघांच्या देवाणघेवाणीतली अचूकता पाहिली, की वाटतं, हे कसब ओळखायला जाणकार कमी पडले. अशोक सराफ यांना महाराष्ट्र भूषण आणि पद्मश्री मिळाली, पण समीक्षेने त्यांच्या अभिनयाचा रीतसर हिशेब मांडायला फार उशीर केला. समीक्षकांचा ओढा महोत्सवांकडे असतो. परदेशात शिक्का बसलेला चित्रपट त्यांना आधी दिसतो. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘द डिसायपल’ला २०२० मध्ये व्हेनिसला पटकथेचा आणि फिप्रेस्की या जागतिक समीक्षक संघटनेचा पुरस्कार मिळाला. तो रास्तच होता. पण ‘व्हेनिसने निवडला म्हणून आम्हीही’ असं मत मला नको आहे. त्या चित्रपटात ख्याल गायकीचा जो ताण आहे, मैफलीत पाठीमागे तानपुरा धरून बसलेल्या शिष्याचा जो चेहरा आहे, तो पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवात रात्र रात्र बसलेल्या समीक्षकाला जास्त उमगावा. व्हेनिसला जे सांगता येणार नाही ते त्याने सांगावं.

मराठीतल्या वाहिन्यांच्या सोहळ्यांबद्दल थोडक्यात. ‘महाराष्ट्राचा फेव्हरेट कोण?’सारखा पुरस्कार आपल्या नावातच लोकांची आवड मोजतो म्हणून सांगतो. त्यात खोट नाही. अडचण तिथे येते, जिथे वाहिनी स्वतः चित्रपटनिर्मितीत उतरते आणि तीच वाहिनी ‘सर्वोत्कृष्ट’ ठरवते. परीक्षक कितीही सज्जन असले तरी घरचं लग्न आणि घरचाच भटजी असा प्रकार होतो.

पुण्यात एक समीक्षक मंडळ उभं राहावं असं मला मनापासून वाटतं, कारण त्याला लागणारं सगळं साहित्य या शहरात आहे. लॉ कॉलेज रस्त्यावर १९६४ मध्ये स्थापन झालेलं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. तिथे पी. के. नायर यांनी डबे जमवले, सतीश बहादूर यांनी चित्रपट पाहायला शिकवलं, आणि दर उन्हाळ्यातल्या रसास्वाद शिबिरातून बाहेर पडलेली माणसं महाराष्ट्रभर पसरली आहेत. आशय फिल्म क्लबने पिढ्या घडवल्या. अरुण खोपकर यांच्यासारखा लेखक या शहरातल्या संस्थेतून गेला आणि ‘गुरुदत्त : तीन अंकी शोकांतिका’सारखं पुस्तक मराठीत आलं. वर्षाच्या सुरुवातीला पिफ, म्हणजे पुणे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, असतो. जब्बार पटेल यांच्या पुढाकाराने २००२ पासून चाललेल्या या महोत्सवात मराठी चित्रपटासाठी ‘संत तुकाराम’ यांच्या नावाचा पुरस्कार आहे. तो मोलाचा आहे, पण महोत्सवाच्या यादीत निवडल्या गेलेल्या मोजक्या चित्रपटांतूनच तो दिला जातो. वर्षभरात लागलेल्या सगळ्या मराठी चित्रपटांचा हिशेब कुणीतरी मांडायला हवा.

तो कसा मांडावा याचा चांगला नमुना अमेरिकेतल्या नॅशनल सोसायटी ऑफ फिल्म क्रिटिक्सचा आहे. १९६६ पासून चालणारी ही संस्था निकालाबरोबर गुणही जाहीर करते. प्रत्येक सदस्य तीन नावं क्रमाने देतो, पहिल्याला तीन गुण, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक. दुसरा-तिसरा कोण आणि किती फरकाने, हे सगळ्यांना दिसतं. पुण्याच्या मंडळाने आणखी एक पाऊल पुढे जावं: प्रत्येक सदस्याने वर्षभरात कोणते मराठी चित्रपट पाहिले त्याची यादी द्यावी आणि आपल्या पहिल्या नावाखाली एक परिच्छेद लिहावा. परिच्छेद लिहायचा म्हटलं की तारे वाटत सुटलेल्या परीक्षणांची सवय आपोआप मोडेल. सोहळा नको, ट्रॉफीही नको. पहिल्या आलेल्या चित्रपटाला पुण्यातल्या एका चित्रपटगृहात आठवडाभर संध्याकाळचा खेळ मिळावा. मल्टिप्लेक्समध्ये मराठीला चांगली वेळ मिळावी म्हणून २०१५ मध्ये सरकारला आदेश काढावा लागला होता, आणि तरी सकाळी अकराच्या खेळाची तक्रार संपलेली नाही. निर्मात्याला बाहुलीपेक्षा त्या संध्याकाळच्या सात खेळांचा उपयोग जास्त आहे.

अशा मंडळाची पहिली कसोटी २०२५ च्या सप्टेंबरनेच लावून ठेवली आहे. १२ तारखेला सुबोध खानोलकर यांचा ‘दशावतार’ लागला. दिलीप प्रभावळकर यांचा म्हातारा दशावतारी कलावंत पाहायला लोकांनी गर्दी केली. १९ तारखेला रोहन कानवडे यांचा ‘साबर बोंडं’ आला. वडील गेल्यावर दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी आलेला आनंद आणि त्याचा बालमित्र बाळ्या यांची ही गोष्ट सनडान्स महोत्सवात जागतिक विभागाचा सर्वोच्च पुरस्कार घेऊन आली होती. मार्चमध्ये जयंत सोमलकर यांचा ‘स्थळ’ येऊन गेला होता, टोरांटोचा मान मिळाल्यावर दीड वर्षाने. पहिला चित्रपट मोठ्या पडद्यासाठी मोठ्या आवाजात रचलेला, दुसरा श्वासाच्या आवाजात, तिसऱ्यात मुलगी दाखवण्याचा कार्यक्रम पुन्हापुन्हा घडतो आणि प्रत्येक वेळी थोडा अधिक असह्य होतो. तिघांची तुलना करणं अवघड आहे. माझं पहिलं मत ‘साबर बोंडं’ला जाईल, कारण दुःखाच्या घरातले रीतिरिवाज, नातेवाइकांचे टोमणे आणि दोन पुरुषांमधली माया त्याने एकाच अंगणात, कुठेही आवाज न चढवता मांडली. दुसरं ‘स्थळ’ला. प्रभावळकरांच्या अभिनयाला वेगळं मत द्यायची सोय असेल तर तिथे मी क्षणभरही थांबणार नाही. हे मत खोडून काढणारी, ‘दशावतार’च्या बाजूने नीट लिहिलेली निदान पाच टिपणं मला त्याच यादीत वाचायला हवी आहेत.